कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात : घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अंगणातले प्रकल्प

होमस्कूलिंग सुरू केलं त्या वर्षीच्या जूनमध्ये मी एक फाईल तयार केली होती. वर सुबक अक्षरात ‘पश्चिम घाटातील जैवविविधता’, आत छापील तक्ते, चित्रं, जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा. मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाचची. तीन आठवडे आम्ही ती इमानेइतबारे भरली. शेवटच्या पानावर मुलाने विचारलं, “आई, आपल्या जिन्याखालच्या मुंग्या पण जैवविविधता का?” म्हणजे तीन आठवड्यांत एवढंही पोचलं नव्हतं. फाईल कपाटावर गेली. पुढे तिच्या पाठकोऱ्या पानांवर धाकटीने भरपूर चित्रं काढली, तेवढाच तिचा उपयोग.

साधारण सहा ते अकरा वयाची मुलं घरी शिकवायला घेतली आहेत आणि त्यांना बाहेर नेऊन नेमकं करायचं काय हे कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. आम्ही पुण्याच्या कडेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेत नाही, बंगला नाही. उदाहरणं इथलीच आहेत. तुम्ही कोकणात किंवा विदर्भात असाल तर तारखा आणि झाडं बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी जागा ठरवा, विषय नंतर

नवे पालक पहिली चूक इथेच करतात. शनिवारी सिंहगड, पुढच्या शनिवारी एखादं उद्यान, मग भिगवणचे फ्लेमिंगो. सहल म्हणून हे सगळं छान आहे, पण प्रकल्पासाठी रोज जाता येईल अशी जागा लागते. घरापासून पाच मिनिटांच्या आत, चपला अडकवून निघालं की पोचलं, इतकी जवळ. तिथे थोडी उघडी माती हवी, एखादं झाड हवं आणि भर पावसातही जाता यायला हवं. आमची जागा म्हणजे सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतची चार पावलांची पट्टी: एक करंज, एक अर्धवट वाळलेला पेरू, पावसाचं पाणी वाहून जायची चारी आणि भिंतीवरचं शेवाळ. एवढ्यावर आमची तीन वर्षं निघाली आहेत.

जागा ठरली की माळीकाकांशी बोलून घ्या. गवत कधी कापतात, फवारणी कधी असते, हे त्यांनाच माहीत असतं. आमच्या काकांनी पहिल्याच दिवशी मुलांना गोगलगायी कुठे दडतात ते दाखवलं. माझ्या फाईलमध्ये ते पान नव्हतं.

पहिले आठ दिवस तिथे नुसतं बसायचं. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. मोबाईल घरी. मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतात, चौथ्या दिवशी भांडतात. पाचव्या-सहाव्या दिवशी कोणीतरी खाली वाकून काहीतरी बघायला लागतं. तेव्हा आपण लगेच “काय दिसलं?” असं विचारायचं नाही. मला हे सगळ्यात जड गेलं.

पिशवीत काय ठेवायचं

शाळेत विज्ञानाला असायची तसली प्रयोगवही घ्या: एक पान रेघांचं, समोरचं कोरं. कोऱ्या पानावर चित्र, रेघांच्या पानावर तारीख, वेळ आणि दोन ओळी. शिसपेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधून टाका. पेनाची शाई पहिल्याच सरीत पसरते. एक हातभिंग, शिंप्याची मोजपट्टी, झाकणाला भोकं पाडलेला जुना डबा. बस. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, रंगीत फील्ड गाईड हे सगळं मागाहून, मुलं मागतील तेव्हा. ऑनलाईन मिळणारे ‘नेचर एक्सप्लोरर किट’ आम्ही एकदा घेतलं. त्यातला प्लॅस्टिकचा चिमटा आता तांदळाच्या डब्यातले किडे काढायला वापरतो.

प्रश्न मुलांचा असू द्या, पण तो घासून घ्या

मुलं बहुतेक वेळा ‘का’ विचारतात. मुंग्या ओळीत का चालतात? आपल्याला उत्तर माहीत असतं, ते आपण देतो आणि प्रकल्प तिथेच संपतो. त्याऐवजी ‘का’चं ‘काय केलं तर काय होईल’, ‘किती’, ‘कधी’, ‘कुठे’ असं करून घ्यायचं.

आमच्या मुंग्यांचं असं झालं: “ओळ मध्येच पुसली तर?” मुलाने ओल्या फडक्याने भिंतीवरची बोटभर रुंद पट्टी आडवी पुसली. पुसलेल्या कडेशी आल्या आल्या मुंग्या थबकल्या. दोन्ही बाजूंना गर्दी झाली, मिशा हलवत इकडे-तिकडे फिरू लागल्या. मग एकदोघी पलीकडे पोचल्या आणि काही मिनिटांत ओळ पुन्हा लागली. मग खडूची रेघ, मग हळद, मग पाणी न लावता नुसतं बोट. प्रत्येकाची वेळ घड्याळ लावून लिहिली. मुंग्या वासाची वाट आखतात हे मी सांगितलं नाही, चौथ्या दिवशी धाकटी म्हणाली, “त्यांना दिसत नाही, वास येतो.” मग पुस्तक उघडलं.

जे प्रश्न बघून किंवा मोजून सुटत नाहीत (डायनासोर, कृष्णविवर वगैरे) ते वहीच्या शेवटच्या पानावर ‘शोधायचे’ म्हणून लिहून ठेवायचे. मुलाला आपला प्रश्न हवेत विरला असं वाटता कामा नये.

पहिला प्रकल्प : कढीपत्ता

प्रश्नच येत नसेल तर इथून सुरुवात करा. महिनाभरात पूर्ण होतो, गॅलरीतही जमतो आणि सहसा दगा देत नाही. कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनतीन महिन्यांत कोवळी पालवी रोज तपासायची. ‘कॉमन मॉरमॉन’ आणि ‘लाईम’ ही दोन फुलपाखरं या झाडांवर अंडी घालतात. अंडं एकेकटं असतं, फिकट पिवळं, गोल, खसखशीपेक्षा मोठं आणि मोहरीपेक्षा लहान. पहिलं शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले. नंतर मुलांची नजर अशी बसली की आता भाजीवाल्याच्या जुडीतही ती अंडी शोधतात.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा. हे सांगू नका. धाकटीने दोन वेळा “चिमणीने घाण केली” म्हणून ती झटकून टाकायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्यांदा त्या घाणीने मान हलवली. त्या दिवशी घरात जो आरडाओरडा झाला तो कुठल्याही तक्त्याने झाला नसता. अळी चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच बघायचं, पुन्हापुन्हा छळायचं नाही.

घरात आणायच्या तर दोनच अळ्या आणा, बाकीच्या झाडावरच राहू द्या. रुंद तोंडाच्या बरणीवर जुन्या ओढणीचा तुकडा रबराने बांधा. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करायची आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करायचं; नाही तर अळी देठावरून खाली उतरते आणि बुडते. लेंड्या रोज झाडून टाका, नाहीतर बुरशी धरते.

पानं फक्त त्याच कुंडीतली किंवा ज्या झाडावर फवारणी नाही अशाच झाडाची. हे मी अनुभवाने सांगते आहे. एकदा आमच्या कुंडीतली पानं संपली म्हणून मी मंडईतली जुडी आणली, धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही अळ्या बरणीच्या तळाशी काळ्या पडलेल्या. मुलं रडली. मुलाने वहीत लिहिलं : ‘मेल्या. पानं बाजारची होती.’ आणि मग दुपारभर एकच विषय: हीच पानं आपण फोडणीला घालतो ना?

सगळं नीट चाललं तर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस अळी खायचं थांबवते, पातळ शी करते आणि बरणीत सैरभैर फिरायला लागते. मुलं म्हणतात, तिला जुलाब झाले. घाबरू नका, ती कोष करायची तयारी आहे. काडीला मागचं टोक चिकटवून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून ती ओणवी टेकते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोष असतो. हिरव्या पानांत हिरवा, वाळक्या काडीवर बहुधा तपकिरी. साधारण दहा-बारा दिवसांनी, बहुतेक वेळा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले असतात. त्याला लटकायला काडी लागते. हात लावायचा नाही, ‘मदत’ करायची नाही. दोनेक तासांनी गॅलरीत सोडून द्यायचं.

कॉमन मॉरमॉनची मादी निघाली तर पंखांकडे नीट बघा. काही माद्या नरासारख्या काळ्या-पांढऱ्या असतात, तर काहींवर लाल ठिपके असतात. या लाल ठिपकेवाल्या माद्या ‘रोझ’ नावाच्या वेगळ्याच फुलपाखरांची नक्कल करतात, कारण ती फुलपाखरं पक्ष्यांना बेचव लागतात. आणि कधीकधी कोषातून फुलपाखरू न येता भोक पाडून बारीक गांधीलमाशी येते. तिच्या आईने अळीच्या किंवा कोषाच्या आत अंडी घातलेली असतात. हे मुलांपासून लपवू नका. आमच्याकडे त्यावर रात्री साडेदहापर्यंत चर्चा चालली होती: माशी वाईट का?

यात गणित कुठे आहे असं विचाराल तर: रोज अळीच्या शेजारी दोरा धरून लांबी मोजा, आलेखाच्या कागदावर ठिपके द्या. चौथ्या-पाचव्या इयत्तेच्या वयाचं मूल सरासरी काढू शकतं. सहा वर्षांच्या मुलीने नुसते दोऱ्याचे तुकडे ओळीने वहीत चिकटवले, तोही आलेखच झाला.

पावसाळ्याचा प्रकल्प : आजीचं नक्षत्र आणि गच्चीवरची बाटली

माझ्या सासूबाई जूनपासून पंचांग बघून सांगत राहतात: मृग लागलं, यंदा वाहन कोल्हा आहे, आर्द्रा लागल्या, वाहन बेडूक आहे. वाहनावरून त्या नक्षत्रात पाऊस कसा पडेल याचा अंदाज बांधतात. मुलांनी विचारलं, आजीचं खरं होतं का? झाला प्रकल्प.

दोन लिटरची, शक्यतो सरळ भिंतीची बाटली घ्या. जिथे ती अरुंद व्हायला लागते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ खालीवर असतो, म्हणून आधी थोडे खडे आणि पाणी घालून पातळी सपाट भागात आणा, तिथे शून्याची रेघ मारा आणि वरच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे पट्टीवर दिसतो तोच पाऊस. गच्चीत उघड्यावर, भिंतीपासून आणि टाकीपासून लांब ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती विटा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. साडेआठच का, तर हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं, म्हणजे आपला आकडा त्यांच्या शेजारी मांडता येतो. एका दिवसात २.५ मिमी किंवा अधिक पडला तर तो त्यांच्या लेखी ‘पावसाचा दिवस’.

एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमाराला, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’. प्रत्येक नक्षत्राची बेरीज करायची आणि समोर वाहन लिहायचं. आमच्या पहिल्या वर्षी म्हाताऱ्याने तरण्याला चांगलंच मागे टाकलं. सासूबाई म्हणाल्या, “एका वर्षावरून काय सांगता? दहा वर्षं मोजा.” इतका चोख वैज्ञानिक आक्षेप मला सुचला नसता.

मग आकडे जुळेनात. आमची बाटली अर्धी भरली आणि हवामान खात्याचा शिवाजीनगरचा आकडा अगदीच किरकोळ. मुलाला वाटलं बाटली चुकली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावशीला फोन केला, तर तिच्याकडे थेंब नाही. पाऊस गावभर सारखा पडत नाही, हे माझा मुलगा आता मोठ्यांना ऐकवतो.

मोठ्या मुलांसाठी पुढचं गणित: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची मोजपट्टीने मोजा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिमी पडला तर १००० लिटर. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हा आकडा मुलांनी सूचना-फलकावर लावला तेव्हा सेक्रेटरीही थांबून वाचत होते.

उन्हाळ्यात

पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापूरला हे मेच्या पहिल्या आठवड्यात होतं, नागपूरला शेवटच्या. बाराला नाही, पुण्यात साधारण साडेबाराला, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. आठवडाभर आधीपासून रोज सव्वाबारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. टोपी, पाणी आणि सावलीत बसायची जागा आधी बघून ठेवा. जुलैअखेरीस असाच दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. आमचा एकदाही जमलेला नाही.

झाडाचा प्रकल्प मात्र वर्षभराचा आहे: एकच झाड, आठवड्यातून एकदा, कोवळी पानं, फुलं, फळं किती ते लिहायचं. ‘सीझनवॉच’ हा देशभरातल्या झाडांच्या अशा नोंदी गोळा करणारा उपक्रम आहे, त्यात मुलांच्या नोंदी देता येतात. पण पहिल्या वर्षी वहीच पुरे.

काय सांभाळायचं

घाबरवण्यासाठी नाही, पण स्पष्ट सांगते. दगड, लाकूड उचलायचं ते काठीने आणि आपल्यापासून लांबच्या बाजूने, म्हणजे खाली काही असेल तर ते तुमच्याकडे येणार नाही. पावसाळ्यात गवतात गमबूट, संध्याकाळी टॉर्च. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुलांना चित्रातून ओळखता यायला हवेत. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, हातपाय शक्य तितके न हलवता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय.

केसाळ सुरवंटाला हात नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. हिवाळ्यात कुंपणावर मखमली तपकिरी शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली आहे, लांबूनच नमस्कार. आग्या मोहोळाजवळ दगड, धूर, अत्तर नको. पावसाच्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना जायचं नाही, ‘लेप्टो’ तापाचा धोका असतो. आणि घरटं, अंडी, पिल्लं घरी आणायची नाहीत, कितीही ‘एकटं’ वाटलं तरी.

वही, परीक्षा आणि नातेवाईक

“अभ्यास कधी करतात मग?” हा प्रश्न तुम्हाला पहिल्या लग्नसमारंभातच येईल. मी मुलांच्या हातात वही देते आणि त्यांनाच बोलू देते. तारीखवार लिहिलेली वही हाच तुमचा पुरावा, वेगळा रंगीत पोर्टफोलिओ करत बसू नका.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही. पुढे परीक्षेची वाट हवी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे; तिच्या प्राथमिक पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी संकेतस्थळावरच बघा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि कोणी म्हणालं की हे परदेशी खूळ आहे, तर कोसबाडचं नाव सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली.

मराठी-गणिताला मात्र रोज तासभर वेगळा ठेवा. सगळं काही अळीतून शिकवता येतं असं म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांच्या मुलांना पाढे येत नाहीत, हेही मी बघितलं आहे.

संपवायचा कधी

प्रकल्प लांबत गेला की मुलं मनातून सोडून देतात आणि आपण ओढत राहतो. म्हणून शेवट सुरुवातीलाच ठरवा: फुलपाखरू उडालं की, हस्त संपला की, सावली परत लांबली की. शेवटी कोणाला तरी दाखवायचं. आजी-आजोबा, जिन्यातली मुलं, माळीकाका. पाच मिनिटं, वही हातात, आणि ऐकणाऱ्याने किमान एक प्रश्न विचारायचा, ही अट.

मधेच सोडलेले प्रकल्पही आमच्याकडे आहेत. गांडूळखताच्या डब्याचा वास शेजाऱ्यांपर्यंत गेला आणि तो विषय तिथेच मिटला. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्यांवर फक्त कबुतरं आली. तेही तारीख घालून वहीत आहे.

सध्या धाकटी गोगलगायीमागे आहे. तिने एकीच्या शंखावर आजीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे आणि ती रात्रीत किती लांब जाते ते सकाळी मोजपट्टीने मोजते. काल ती चारीच्या पलीकडे सापडली, ३ मीटर १० सेंटीमीटर. आज अजून सापडलेली नाही.